हवा धरलेलं इंजिन

विहिरीवरचं इंजिन चालता चालता गचके देऊ लागलं, दोनदा धापलं आणि गप्प झालं, की मिस्त्री आल्याबरोबर इंजिनाला हात लावत नसे. आधी तो टाकीचं झाकण उघडी, आत डोकावी आणि विचारी, “मामा, तेल संपू दिलं होतं का?” मामांनी मान हलवली की निदान झालेलं असे. इंजिनाने हवा धरली होती.

पुढचं काम पाच-दहा मिनिटांचं, पण त्याला हात सराईत लागे. फिल्टरच्या माथ्यावरचा बारीक स्क्रू पान्याने दोन आटे ढिला करायचा. आधी फुस्स करून हवा निघते, मग फेस येतो, मग बुडबुडे घेऊन डिझेल येतं आणि शेवटी काचेच्या सळईसारखी अखंड धार लागते. धार लागली की स्क्रू आवळायचा. हेच पुन्हा पंपावर करायचं. त्यानंतर नोझलकडे जाणाऱ्या पोलादी नळीचा नट सैल ठेवून हँडल सावकाश फिरवायचं. नटाखालून डिझेल उसळ्या मारत आलं की नट बंद. मग डिकॉम्प्रेशनचा खटका उचलून, म्हणजे सिलिंडरातला दाब मोकळा करून, हँडल मारायचं आणि कान द्यायचा. नोझलने ‘कर्र’ केलं की तेल पोचलं. खटका सोडायचा, इंजिन पेटतं.

तो ‘कर्र’ ऐकू येणं हीच मिस्त्रीची परीक्षा. एका बाजूला पाखरांचा कलकलाट, दुसऱ्या बाजूला वाफ्यात पाणी आलं नाही म्हणून जीव टांगणीला लागलेलं घर, आणि मधे हा माणूस लोखंडाला कान लावून बसलेला. बीड जिल्ह्याच्या शेतीचा इतिहास बहुधा पावसाच्या आणि दुष्काळाच्या आकड्यांत सांगितला जातो. टाकीपासून नोझलपर्यंतच्या त्या हातभर वाटेवर तेल वाहतं ठेवणाऱ्यांची नोंद त्यात सापडत नाही. ती व्हायला हवी. कारण विहिरीत पाणी असूनही पीक वाळलं, असे कितीतरी दिवस या हातभर वाटेने दाखवले आहेत, आणि कितीतरी टाळलेही आहेत.

इंजिन यायच्या आधी विहिरीवर मोट होती. चामड्याची ती सोंडेची पिशवी, तिला वर खेचणारा जाड नाडा, सोंडेचं तोंड धरून ठेवणारा बारीक सोंदूर, बैलांची उतरती धाव आणि पाणी ज्यात कोसळतं ते थारोळं. मोटेत बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसे. नाडा तुटला, चामडं फाटलं, चाकाचा कणा झिजला. गावातला चांभार, सुतार, लोहार तो दुरुस्त करी. बैल दमले तर सोडावे लागत, एवढीच तिची अडचण. आणि बैल दमतातच. काळ्या खडकात सुरुंग लावून चाळीस-पन्नास फूट खाली नेलेल्या विहिरीतून दिवसभर ओढून भिजणारं रान मोजकंच असे.

मोटेशिवाय पाणी देणारी एक विहीर मात्र बीड शहराजवळच आहे. खजाना विहीर. सोळाव्या शतकात, अहमदनगरच्या निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने ती बांधवली आणि राजा भास्कर हा तिचा रचनाकार, असं सांगितलं जातं. जमिनीखालच्या भुयारांतून पाणी विहिरीत येतं आणि एका भुयाराने उताराकडच्या शेतांना निघून जातं. ना बैल, ना इंजिन, ना तेल; सगळं काम जमिनीच्या उताराने केलं. चारशे वर्षं टिकलेली ही रचना पाहिली की स्थापत्याच्या त्या बुद्धीला हात जोडावेसे वाटतात. पण असा उतार आणि असे झरे प्रत्येक शिवाराच्या वाट्याला येत नाहीत. बालाघाटाच्या माथ्यावरच्या पाटोदा-आष्टीला तर नाहीच नाही.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबुर्गला नीट चालू लागलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच जातीचं एक छोटं इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. भुईमूग आणि करडई पिकवणाऱ्या मुलखाने ही गोष्ट ध्यानात ठेवावी अशीच आहे. मात्र सुरुवातीची इंजिनं अवजड होती. सिलिंडरात तेल फवारायला दाबाखालची हवा लागे आणि त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर जोडावा लागे. जर्मनीतल्या रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९२७ पासून इंधनाचे छोटे, नेमके पंप मोठ्या संख्येने निघू लागले आणि डिझेल इंजिन लहान व्हायची वाट मोकळी झाली. इंग्लंडच्या लिस्टर कंपनीचं मिनिटाला सहाशे फेरे घेणारं, दोन जडशीळ चाकांचं इंजिन याच सुमाराला आलं. त्याचा साचा पुढे राजकोटच्या कारखान्यांनी इतका आपलासा केला, की महाराष्ट्रातल्या खेड्यांत त्याला ‘राजकोटी’ म्हणूनच ओळखू लागले.

महाराष्ट्राचं स्वतःचं इंजिनही मागे नव्हतं. सातारा रोडला धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला आणि १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे डिझेल इंजिन तयार झालं. देशात बनलेल्या पहिल्या डिझेल इंजिनांचा मान त्याच कारखान्याला दिला जातो. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. किर्लोस्करवाडीला नांगर आणि पंप बनवणाऱ्या किर्लोस्करांच्या घरातून शंतनुराव पुढे आले आणि १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स उभी राहिली. नांगरामुळे हे नाव शेतकऱ्याला आधीच ठाऊक होतं. त्यामुळे ‘किर्लोस्कर घेतलं’ म्हणजे इंजिन घेतलं, हे वेगळं सांगावं लागलं नाही.

बीडला मात्र हे सगळं उशिरा पोचलं. जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संस्थानाचं जकात खातं वेगळं, त्याचं नाव करोडगिरी. सीमेवर मालाची झडती आणि वसुली होई. नगरपासून आष्टी काही लांब नाही, पण मधे राज्याची सीमा होती. आगगाडीही नव्हती. निजामाच्या काळात रेल्वे आली ती जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, परळीला. बीड शहराने प्रवासी गाडी पाहिली ती थेट १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी. तोवर प्रत्येक इंजिन, प्रत्येक पिस्टन, प्रत्येक नोझल नगर, जालना किंवा परळीच्या बाजूने रस्त्यानेच आलं. सुटा भाग मिळायला चार दिवस लागणार असतील, तर बिघडलेलाच भाग पुन्हा चालवून दाखवणारा माणूस मोलाचा ठरतो. बीडच्या मिस्त्रीची कला या अडचणीतून घडली असं म्हणायला हरकत नाही.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. याच काळात देशभर इंजिनांची संख्या झपाट्याने वाढली. सिंचनाची तेल-इंजिनं १९५१ मध्ये लाखाच्या आत होती, ती १९६१ पर्यंत दोन लाखांच्या पलीकडे गेली. भूविकास बँकेचं कर्ज, सातबाऱ्यावर चढलेला बोजा आणि खोपटात येऊन बसलेलं इंजिन, हे तिन्ही एकदमच घरात आले. गंगथडीला, म्हणजे गोदावरीला गंगा म्हणणाऱ्या गेवराई आणि माजलगावच्या पट्ट्यात, नदीकाठी इंजिनं बसली. बाकी जिल्ह्यात ती विहिरीवर आली. आणि विहिरीत उतरलीही.

ही उतरण्याची गोष्ट नीट सांगायला हवी. पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो, आणि तो दाब व्यवहारात पंचवीस फुटांच्या पुढे फारसं ढकलू शकत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पंपालाही खाली जावं लागे, आणि पट्ट्याने पंपाशी जोडलेल्या इंजिनालाही. विहिरीच्या पोटात खडकाचा टप्पा कोरून किंवा तुळया टाकून जागा करायची, तिपाईला साखळी बांधून काही क्विंटलचं धूड माणसांच्या बळावर खाली सोडायचं. खाली उभं राहून ते जागेवर घेणाऱ्याच्या डोक्यावर सारं वजन लोंबकळत असे. इंजिन तिथे बसलं की धूरही तिथेच कोंडे. धूर बाहेर काढणारी नळी गळकी असली तर विहिरीत उतरलेला माणूस गुंगी येऊन पडे. अशी माणसं गेली आहेत. पाण्यासाठी दिलेल्या जिवांच्या हिशेबात हेही जीव धरायला हवेत.

तेलाचे निम्मे आजार या उतरण्यातूनच सुरू होत. डिझेलचा डबा दोराने खाली सोडायचा, वाटेत विहिरीच्या कडेची माती त्यात पडायची. कुणी धोतराच्या फडक्याने तेल गाळून घेई. माती अडे, पण फडक्याचेच सुताचे तंतू फिल्टरमध्ये जाऊन बसत. टाकी रात्री अर्धी राहिली तर विहिरीतल्या ओलसर गारव्याने आतल्या पत्र्यावर दव धरे. ते पाणी तेलापेक्षा जड, म्हणून बुडाशी साचे आणि सकाळी सगळ्यात आधी तेच पंपात जाई. जाणता मिस्त्री सांगे, संध्याकाळीच टाकी गळ्यापर्यंत भरा. आणि नवा बॅरल आला की एक दिवस हलवू नका, तळातलं चार बोटं तेल इंजिनाला घालू नका.

एवढी काळजी कशासाठी? इंधनाच्या पंपातला दट्ट्या आणि त्याचं घर यांच्यामधली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागांची असते, माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक. तेवढ्याशा फटीच्या भरवशावर पंप तेलाला हवेच्या दाबाच्या शंभर पटींहून जास्त दाब देतो आणि नोझलची सुई उचलून ते धुक्यासारखं फवारतो. मातीचा एक कण या फटीला ओरखडा पाडायला पुरे. हवा तर त्याहून वाईट. तेल दाबलं की पुढे सरकतं, हवा दाबली की आक्रसते. नळीत हवेचा बुडबुडा असला तर दट्ट्याची सगळी ढकल त्या बुडबुड्याला आवळण्यातच संपते, सुई उचलली जात नाही, आणि हँडल मारणाऱ्याचे खांदे भरून येतात. कधी हँडल उलटं फिरतं आणि मनगट मोडतं.

पूर्वी हे पंप आणि नोझल परदेशातून येत. १९५१ मध्ये बंगळूरला बॉशच्या भागीदारीने मोटर इंडस्ट्रीज कंपनी निघाली आणि तिचं ‘मायको’ हे नाव खेड्यापाड्यांत पोचलं. हा शब्द पुढे कंपनीचा राहिलाच नाही. ‘मायको गेला’ म्हणजे इंधनाचा पंप निकामी झाला.

धुरावरून आजार ओळखायची एक पद्धतही तयार झाली. काळा धूर म्हणजे तेल जास्त किंवा हवेची जाळी तुंबलेली. पांढरा धूर म्हणजे तेल न जळताच बाहेर पडतंय किंवा त्यात पाणी आहे. निळसर धूर म्हणजे रिंगा झिजल्या, इंजिन ऑईल खातंय. लांबच्या बांधावरून धूर पाहून मिस्त्री कोणते पाने घ्यायचे ते ठरवी. गावच्या पिठाच्या गिरणीचंही तेच. गिरणीच्या धुराड्यातून येणाऱ्या ‘पुक-पुक’ची लय चुकली की दळण घेऊन बसलेल्या बायकांनाच ते आधी कळे.

सगळ्यात फसवा आजार होता टाकीच्या झाकणाचा. झाकणाला टाचणीएवढं भोक असतं. तेल खाली गेलं की तेवढी हवा त्या भोकातून आत यावी, यासाठी ते ठेवलेलं. चिखलाने किंवा शेणाच्या हाताने ते बुजलं की इंजिन सुरू होतं, छान चालतं आणि अर्ध्या-पाऊण तासाने दम लागल्यासारखं बंद पडतं. आत पोकळी झालेली असते, ती तेलाला खाली येऊ देत नाही. झाकण उघडलं की काही वेळाने पुन्हा सुरू. पुन्हा बंद. नवखा माणूस नोझल बदलतो, पंप उतरवतो, पैसे घालवतो. सराईत माणूस काडीने भोक मोकळं करतो.

पाण्याच्या बाजूलाही असाच एक पाहुणा होता. सक्शनच्या बुडाशी पाणी धरून ठेवणारी झडप, तिचं इंग्रजी नाव लोकांनी ‘फुटबॉल’ करून टाकलं. फुटबॉल गळका असला की पंपातही हवा शिरे. मग वरून घागरीने पाणी ओतायचं, त्यात शेणकाला घालायचा म्हणजे फटी बुजतात. एकीकडे तेलातली हवा काढायची, दुसरीकडे पाण्यातली. गावाकडे इंजिन चालवणं म्हणजे बहुतेक वेळ हवेशी भांडण असे.

१९७२ चा दुष्काळ आला तेव्हा या भांडणाला वेगळीच धार चढली. खडी फोडणं, पाझर तलावांची मातीकामं, सुकडी, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी. मराठवाड्यातल्या ज्या पिढीने हे पाहिलं तिच्या बोलण्यातून ते अजून गेलेलं नाही. विहिरी खोल गेल्या, इंजिनं आणखी खाली उतरली. आणि दुष्काळ सरतो न सरतो तोच ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध भडकलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. सुएझ कालव्याकाठच्या लढाईची झळ बालाघाटावरच्या विहिरीला लागली. महाग डिझेलात रॉकेलची भेसळ होऊ लागली. रॉकेल जळतं, पण डिझेलसारखा ओशटपणा त्यात नाही. दट्ट्या कोरडा घासला जातो आणि ती केसाहून बारीक फट रुंदावत जाते. भेसळीचा पैसा एकाच्या खिशात गेला, झीज दुसऱ्याच्या इंजिनाची झाली.

वीज यायला लागली तशी इंजिनं मागे पडली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं आणि १९७१ मध्ये जिल्ह्यातच, परळीला, औष्णिक वीज केंद्राचे पहिले संच सुरू झाले. विजेच्या मोटारीला तेल नको, हँडल नको. बटण दाबलं की पाणी. मोटारी वाढल्या, बोअर आले, इंजिनं गोठ्यात पोत्याखाली झाकली गेली. तरी ती कुणी लगेच भंगारात घातली नाहीत. २००५ नंतरच्या भारनियमनात, रात्री-अपरात्री आठ तास येणाऱ्या शेतीच्या विजेत, जळलेल्या रोहित्राची आठवडा-आठवडा वाट पाहताना पोती पुन्हा निघाली. पण वर्षानुवर्षं टाकीत राहिलेल्या तेलाचा तोवर चिकट थर झालेला असे. जुना मिस्त्री मिळेनासा झालेला. तरुण पोरं ट्रॅक्टरच्या गॅरेजात शिकलेली. त्यांना हवा काढता येई, तो ‘कर्र’ मात्र कानाला अनोळखी होता.

फेब्रुवारी २०१३ मध्ये परळीचं केंद्रच पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. माजलगाव धरण आटलं होतं आणि वाफेलाही पाणी नव्हतं.

याच जिल्ह्यात अधूनमधून पाणी इतकं येतं की नावा काढाव्या लागतात. जुलै १९८९ मध्ये बिंदुसरेने बीड शहरात हाहाकार केला, २००६ मध्ये गोदावरी गावांत शिरली, सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणा आणि गोदावरीने पुन्हा शेतं आणि वस्त्या बुडवल्या. अशा वेळी बचाव पथकं रबरी बोटी घेऊन येतात. त्यांच्या मागच्या फळीला अडकवलेलं छोटं इंजिन म्हणजे ओबीएम, आउटबोर्ड मोटर. अमेरिकेत ओले एव्हिनरूड यांनी १९०९ पासून अशी इंजिनं बाजारात आणली. यात डिझेल नाही, पेट्रोल. टाकी वेगळी, तिच्यापासून रबरी नळी, नळीच्या मधे हाताने दाबायचा फुगा. पण आजार ओळखीचे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिला की बोट काठापासून थोडी दूर जाते आणि भर धारेत गप्प होते. फुगा दाबून कडक झाला नाही तर कुठेतरी हवा शिरते आहे. फुगा चपटाच राहिला तर वाट मागे, टाकीकडे तुंबली आहे. विहिरीवरच्या माणसाला हे एकदा सांगितलं तरी कळेल.

दुष्काळी मुलखातल्या बोटीचं खास दुखणं आणखी निराळं. ती वर्ष-वर्ष गोदामात पडून असते. टाकीतलं पेट्रोल उडून जातं, कार्ब्युरेटरच्या सुईएवढ्या भोकांत चिकट राळ उरते. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. तो फार झाला की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात आणि इंजिनाला आधी तेच मिळतं. यातलं काही इथेनॉल उसातून येतं. ऊस तोडणाऱ्या टोळ्या दर दिवाळीनंतर बीडहूनच निघतात. बोट गोदामात ठेवताना टाकी रिकामी करणं आणि कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवणं एवढं केलं तरी पुराच्या रात्री दोरी ओढताना हात थकत नाहीत. हे काम पूर नसताना, कुणी पाहत नसताना करायचं असतं, म्हणूनच ते राहून जातं.

माजलगावच्या जलाशयाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकू लागलं की काठचे शेतकरी इंजिनं ट्रॉलीवर लादून पाण्याच्या मागे जातात. गाळाची उतरती जमीन, त्यात ट्रॉलीचं एक चाक रुततं, टाकीतलं उरलेलं डिझेल एका कोपऱ्यात गोळा होतं आणि नळीचं तोंड उघडं पडतं. इंजिन दोनदा धापतं आणि थांबतं. कुणीतरी रुतलेल्या चाकाखाली दगड सारतो, फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला करतो आणि धार अखंड होण्याची वाट पाहत उभा राहतो.